वाचकांचे प्रश्न : परदेशात केलेले मुखत्यारपत्र

परदेशी राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत भारतीय वकिलातीतील साक्षांकनाविषयीचे प्रश्न वारंवार येतात, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे मोठी असल्याने प्रश्न संक्षेपाने छापले आहेत.

प्रश्न : मी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे नोकरी करतो. वडिलांच्या पश्चात पुण्यातील सदनिका आई, बहीण आणि मी अशा तिघांच्या नावावर लागली असून ती विकण्याचे आम्ही ठरवले आहे. मला रजा मिळणे कठीण असल्याने बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार (पॉवर ऑफ अटर्नी), करून द्यायचे आहे. येथील नोटरीकडून सही प्रमाणित करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचे येथील शासनाचे प्रमाणपत्र, घेतले तर चालेल का, की भारतीय वाणिज्य दूतावासातच जावे लागेल?

उत्तर : आपण दूतावासातच जावे. स्टुटगार्ट ज्या प्रांतात आहे तो बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांत म्युनिक येथील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतो.

परदेशी कागद भारतात ग्राह्य धरण्याची अपोस्टिलची सोय १९६१ च्या हेग करारातून आली आणि भारतासाठी तो करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला, हे खरे. परंतु भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार अमलात नाही. त्यामुळे जर्मन नोटरीसमोर केलेला कागद अखेर भारतीय दूतावासाकडून प्रमाणित करून घेण्याची वेळ येतेच, आणि तसे असेल तर सहीच तेथे करणे हा अधिक सरळ मार्ग आहे. दूतावासातील अधिकाऱ्याला हा अधिकार १९४८ च्या राजनैतिक व वाणिज्य दूत अधिकारी (शपथ व शुल्क) अधिनियमाने दिलेला आहे. भारतातील नोटरी जे जे करू शकतो ते सर्व हा अधिकारी आपल्या कार्यालयात करू शकतो, आणि त्याची सही व शिक्का खरा असल्याचे न्यायालयात वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

मुखत्यारामार्फत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ कडे पाहावे लागते. मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर राहत असेल, तर ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्य दूत किंवा केंद्र शासनाचा प्रतिनिधी यांच्यापैकी कोणासमोर तरी निष्पादित झालेले, म्हणजे सही करून दिलेले, आणि त्याने अधिप्रमाणित केलेले असले पाहिजे, असे हे कलम सांगते. यातील ‘समोर’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बरेच लोक घरीच सही करून कागद पुढे ठेवतात आणि तो परत मिळतो. कॅलिफोर्नियातील नोटरीसमोर केलेल्या एका मुखत्यारपत्राचा वाद जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या खटल्यात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. सही करणाऱ्याची ओळख आपण पटवून घेतली आहे, हे पहिल्या मुखत्यारपत्रावरील नोटरीच्या मजकुरातून दिसत नव्हते. तो दोष दूर करणारे दुसरे मुखत्यारपत्र पुढे करून देण्यात आले होते, म्हणून न्यायालयाने व्यवहार टिकवला. दूतावासाच्या खिडकीवरून कागद परत घेताना त्यावर आपले नाव, पारपत्र क्रमांक, अधिकाऱ्याची सही, हुद्दा, दिनांक आणि शिक्का हे सर्व आहे की नाही, हे तेथेच उभे राहून तपासावे, ते याच कारणासाठी.

आता मसुद्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच होते. दूतावास एवढेच प्रमाणित करतो की अमुक व्यक्तीने ओळख पटवून आमच्यासमोर सही केली. मजकूर कायद्याच्या दृष्टीने पुरेसा आहे की नाही, याची जबाबदारी तो घेत नाही. म्हणून इंटरनेटवरील तयार नमुना भरून नेऊ नये. पुण्यात ज्या वकिलाकडून खरेदीखत होणार आहे, त्याच्याकडूनच मुखत्यारपत्राचा मसुदा तयार करून घ्यावा, आणि दोन्हीकडे वाचता यावा यासाठी तो इंग्रजीत असणे सोयीचे. त्यात सदनिकेचे पूर्ण वर्णन हवे : सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, सोसायटीचे नाव, मजला, क्षेत्रफळ, वाहनतळाची जागा असल्यास तीही, आणि आपला हिस्सा आपल्याकडे वारसाने कसा आला हे. बहिणीला दिलेले अधिकार एकेक करून लिहिलेले असावेत. विसारपत्रावर व खरेदीखतावर सही करणे, ते दस्त दुय्यम निबंधकांसमोर सादर करणे, निष्पादनाची कबुली देणे (म्हणजे दस्तावर सही केल्याचे निबंधकांसमोर मान्य करणे), सोसायटीच्या कागदांवर सह्या करणे आणि ताबा देणे या बाबी स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत. ‘विकण्याचे सर्व अधिकार’ असे मोघम लिहून कबुली देण्याचा अधिकार लिहायचा राहून गेला, तर नोंदणीच्या दिवशी खरेदीदार, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस आणि साक्षीदार सगळे जमलेले असताना काम अडते.

मोबदल्याविषयी वेगळे कलम घालावे. आपल्या हिश्श्याची रक्कम आपल्याच अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात, जमा होईल असे त्यात लिहावे. बहिणीवरील विश्वासाचा हा प्रश्न नाही, कराचा हिशेब त्यामुळे स्वच्छ राहतो. आपण अनिवासी असल्याने खरेदीदाराला आपल्या हिश्श्यातून करकपात करावी लागते आणि ती निवासी विक्रेत्याच्या कपातीपेक्षा बरीच जास्त असते. कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर आयकर विभागाकडे अर्ज व्यवहाराआधीच करावा.

मुखत्यारपत्र या एका सदनिकेपुरते विशेष असावे. सर्व मिळकतींसाठीचे कुलमुखत्यारपत्र देण्याचा सल्ला मी सहसा देत नाही, आणि परदेशातून तर मुळीच नाही, कारण पुढे काय होते यावर इतक्या दुरून लक्ष ठेवणे शक्य नसते. खरेदीदाराने खरेदीखत टाळून मुखत्यारपत्रावरच व्यवहार पुरा करण्याचा आग्रह धरला, तर त्याला ठाम नकार द्यावा. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

भेटीची वेळ आधी घेऊन जावे. मूळ पारपत्र, निवास परवाना, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि सही न केलेला दस्त बरोबर हवा. साक्षीदार प्रत्यक्ष हजर लागतात का, याबाबत प्रत्येक दूतावासाचा नियम वेगळा असतो, तो संकेतस्थळावर पाहून मगच गाडीचे तिकीट काढावे. नावाचे स्पेलिंग पारपत्राप्रमाणे ठेवावे, आणि सोसायटीच्या भागपत्रावर ते वेगळे असेल तर ‘ऊर्फ’ म्हणून दोन्ही नावे लिहावीत.

प्रश्न : मी दुबईत राहतो. कोल्हापूरच्या भावाच्या नावे गेल्या वर्षी येथील भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले. भावाने ते जपून ठेवले होते. आता दुय्यम निबंधक कार्यालयात ते दाखवल्यावर मुद्रांक शुल्क भरलेले नाही असे सांगण्यात आले. दूतावासाचे शुल्क तर मी भरले होते. मग हे काय?

उत्तर : दूतावासात भरलेले शुल्क साक्षांकनाचे. महाराष्ट्रात वापरायच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क वेगळे असून ते राज्य शासनाला द्यावे लागते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे राज्याबाहेर निष्पादित झालेला दस्त राज्यात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घेता येतो. त्यासाठी तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावा लागतो. ही मुदत कागद हाती पडल्यापासून मोजली जाते, म्हणून कुरिअरचे दिनांक असलेले पाकीट फेकून देऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. दुर्दैवाने ही माहिती दूतावासातही कोणी देत नाही आणि घरीही कोणाला नसते.

आपली मुदत उलटून गेली आहे, पण त्यामुळे मुखत्यारपत्र रद्द होत नाही. शुल्क व दंड भरून ते मुद्रांकित करून घेता येते, आणि तोवर मात्र ते पुराव्यात किंवा नोंदणीत वापरता येत नाही. शुल्क किती, हे मजकुरावर ठरते. विनामोबदला जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या अधिकारावर ते किरकोळ असते आणि भावाचा समावेश त्या नातेवाइकांत आहे. परंतु दस्तात मोबदला घेतल्याचा उल्लेख असेल, किंवा तो त्रयस्थाला विक्रीचा अधिकार देणारा असेल, तर मिळकतीच्या मूल्यावर आकारणी होते. दंडाची रक्कम आणि नव्या मुखत्यारपत्राचा खर्च यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. काही वेळा नवे करणेच स्वस्त पडते.

नोंदणीच्या वेळी भावाला एक घोषणापत्र द्यावे लागेल, की मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेले नाही. यात तथ्य आहे, कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. आपण कधी ते रद्द करू इच्छिलात, तर रद्दपत्रही दूतावासात साक्षांकित करून भावाला, सोसायटीला आणि बँकेला लेखी कळवावे. संयुक्त अरब अमिरात हा देश अपोस्टिल कराराचा सदस्य नसल्यामुळे आपण थेट दूतावासाची वाट धरलीत, हे योग्यच झाले.

प्रश्न : मी सेवानिवृत्त राज्य शासकीय कर्मचारी असून सध्या न्यू जर्सीत मुलीकडे आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे. गुडघ्यांमुळे न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास झेपणार नाही.

उत्तर : आपल्याकडे आधार कार्ड असेल, तर प्रवासाची गरज बहुधा पडणार नाही. ‘जीवन प्रमाण’ ही ऑनलाइन दाखल्याची योजना २०१४ पासून चालू आहे आणि आता चेहरा ओळखण्याच्या सोयीमुळे मोबाइलवरूनही तो दाखला काढता येतो. निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खाते आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जवळ ठेवावा. भारतातील क्रमांकाचे कार्ड परदेशात बंद पडू देऊ नये, नाहीतर त्यावर येणारा संकेतांक मिळत नाही. दाखला निघाला म्हणजे काम झाले असे समजू नये. तो कोषागारात स्वीकारला गेला की नाही, याची खात्री करून घ्यावी.

हे जमले नाही तर न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला, प्रवास करता येत नसल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि पारपत्राची प्रत जोडून, टपालाने दाखला मिळेल का, असे मुलीने लेखी विचारावे. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी अशी तरतूद आहेच. आपले निवृत्तिवेतन राज्याचे असल्याने असा दाखला ग्राह्य धरला जाईल, हे आपल्या कोषागार कार्यालयाकडूनही आधी लेखी मागून घ्यावे. आणि हे सर्व ऑक्टोबरातच सुरू करावे, कारण नोव्हेंबरात दाखला पोहोचला नाही तर पुढचे वेतन थांबते आणि ते पुन्हा सुरू करून घेण्याची धावपळ घरच्यांना करावी लागते.