शेजारच्या काकूंची लघवीची गोळी आईला रोज दिली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६८, बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू, गेल्या दोन महिन्यांपासून संध्याकाळी दोन्ही पाय घोट्याशी सुजतात. शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आहे, त्यातल्या दोन आईंनी घेतल्या आणि सूज जरा उतरली. आता ती रोज चालू ठेवावी का, आणि सोबत नारळपाणी दिलं की पुरेल का?

आधी उत्तर देतो. काकूंची गोळी आजपासून देऊ नका. नारळपाणीही डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवा. बीपीची रोजची गोळी मात्र चुकवू नका, आणि याच आठवड्यात आईंना डॉक्टरांकडे न्या.

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. दुसऱ्या कुणाची तरी रिकामी स्ट्रिप हातात घेऊन 'हीच द्या, सूज उतरते' म्हणणारी माणसं नेहमी काउंटरवर येतात. चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही म्हटलं की त्यांना राग येतो. तो राग मला समजतो, कारण घरातल्या माणसाचे पाय सुजलेले बघवत नाहीत. पण यात जे धोके आहेत ते दोन मिनिटांत उभ्या उभ्या सांगता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आईंच्या बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच हवं आहे. स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे अम्लोडिपिन लिहिलंय का? अलीकडे डोस ५ मिलिग्रॅमचा १० झालाय का? तसं असेल तर सूज याच गोळीची असण्याची बरीच शक्यता आहे. हे औषध बारीक रोहिण्या सैल करतं, म्हणून दाब उतरतो. पण शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांमधला दाब वाढतो, पाणी आजूबाजूला झिरपतं आणि दिवसभर उभं राहून घोट्याशी साचतं. बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. इथे शरीरात पाणी वाढलेलं नसतं, नको त्या जागी गेलेलं असतं. म्हणूनच लघवीवाटे कितीही पाणी काढलं तरी ही सूज नीट जात नाही. शरीराला हवं असलेलं पाणी आणि क्षार मात्र निघून जातात. यावर डॉक्टरांकडे चांगले पर्याय असतात: डोस कमी करणं, टेल्मिसार्टनसारखं औषध जोडणं, किंवा अम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देणं. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी गोळी सुरू करायची, मग दुसरीचा झाकायला तिसरी, ही साखळी मी अनेक घरांत पाहतो. तुमच्याकडे ती सुरू होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सूज आणणारी इतरही औषधं आहेत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू आहे का? दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड? साखरेसाठी पायोग्लिटाझोन? पायाच्या जळजळीसाठी प्रिगॅबालिन? यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना सांगा.

औषधाचं कारण नसेल तर सूज हृदयाची, किडनीची, लिव्हरची, थायरॉइडची किंवा पायाच्या शिरांची असू शकते, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. आडवं झाल्यावर धाप लागते का, रात्री दोन-तीन उशा घ्याव्या लागतात का, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते का, लघवीला फेस येतो का, एवढं घरी पाहून ठेवा. दोन गोळ्यांनी सूज जरा उतरली यावरून कारण कळत नाही. पाणी काढणारी गोळी कोणाचंही थोडं पाणी काढतेच.

आता काकूंच्या गोळीबद्दल. 'लघवीची गोळी' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या जातीची औषधं येतात, आणि सगळी गफलत तिथेच होते. पहिली फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड. ती जोरदार पाणी काढतात. फ्युरोसेमाइड घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते आणि सहा-आठ तासांत परिणाम संपतो. हृदय किंवा किडनीमुळे पाणी साचलं असेल तेव्हा ती लागते. नुसत्या बीपीसाठी मात्र सहसा देत नाहीत, कारण दिवसभर पुरत नाही. दुसरी जात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांची. ही हळू आणि लांब चालतात. बीपीसाठी खरी हीच. डोसही छोटा, बहुधा १२.५ किंवा २५ मिलिग्रॅम, आणि इंडापामाइडचा तर त्याहून कमी. तिसरी स्पायरोनोलॅक्टोन आणि तिच्यासारखी, जी पाणी काढताना पोटॅशियम शरीरातच राखून ठेवतात.

पहिल्या दोन जाती लघवीवाटे पोटॅशियम घालवतात. ते कमी पडलं की पोटऱ्यांत वांब येतात, अंगात त्राण राहत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसाला तर हे फारच धोक्याचं. अशा वेळी डॉक्टर केळी, नारळपाणी, डाळी खायला सांगतात किंवा पोटॅशियमचं सिरप देतात. नारळपाण्याचा सल्ला तुमच्यापर्यंत तिथूनच आला असणार.

पण काकूंची गोळी तिसऱ्या जातीची असेल तर? आपल्याकडे फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली गोळी सर्रास लिहिली जाते, त्यामुळे हा प्रश्न हवेतला नाही. आईंच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर तीही पोटॅशियम राखून ठेवते. त्यावर स्पायरोनोलॅक्टोन, त्यावर रोज शहाळं, आणि या वयात किडनी थोडी मंदावलेली. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. ते साडेसहाच्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो, आणि त्याआधी काही जाणवेलच याची खात्री नसते. काकूंना पथ्य म्हणून सांगितलेलं शहाळं आईंना घातक ठरू शकतं, ते असं. हाच धोका 'लो सोडियम' मिठाचाही आहे. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीला चांगलं म्हणून ते आणणाऱ्यांनी आपली औषधं आधी डॉक्टरांना दाखवावीत.

उलट बाजूची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. घशासाठी ज्येष्ठमध बरेच दिवस चघळत राहिलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. पाण्याच्या गोळीसोबत तर नकोच.

आणखी एक शक्यता तपासा: आई आधीपासूनच लघवीची गोळी घेत असतील. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. ब्रँडच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. पण नावावर विसंबू नका, मागचा मजकूरच वाचा. आत आधीच एक असताना बाहेरून दुसरी घातली तर डोस नकळत दुप्पट होतो.

पोटॅशियमबद्दल थोडं तरी बोललं जातं, सोडियमबद्दल जवळजवळ नाहीच. थायझाइड जातीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या जातीच्या, गोळीने काही जणांचं सोडियम खाली येतं. विशेषतः साठीपुढच्या, बारीक अंगकाठीच्या बायकांचं, आणि बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत. मळमळ, डोकं जड, सारखी झोप, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. घरच्यांना वाटतं वय झालं, विसरायला लागली. १३५ च्या खाली आलेलं सोडियम एका साध्या रक्ततपासणीत कळतं आणि गोळी वेळीच बदलली तर माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. 'गोळीने पाणी जातं, मग भरपूर पी' म्हणत तांब्यावर तांब्या पाजू नका. त्याने सोडियम आणखी पातळ होतं. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. हृदय कमजोर असलेल्यांना ते मोजून दिलेलं असतं.

म्हणून अशी गोळी डॉक्टरांनी सुरू केली की साधारण एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं), सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं. डोस बदलला की पुन्हा, आणि सगळं ठीक असेल तरी वर्षातून एक-दोनदा. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पहिली तपासणी आठवड्याच्या आतच. युरिक ॲसिड आणि साखरही थोडी वाढू शकते, म्हणून कधी अंगठा सुजून ठणकला असेल किंवा मधुमेह असेल तर तेही सांगून ठेवा. घरी साधा वजनकाटा आणा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, आणि डॉक्टरांना लगेच फोन करायला हवा.

गोळी सकाळी घ्यायची. रात्री घेतली तर झोपेतून उठून अंधारात मोरीकडे जाताना माणसं पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं आयुष्यच बदलतं. या गोळ्यांनी उठून उभं राहताना बीपी पटकन खाली येतं. म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मगच उभं राहायचं.

प्रवासाचं मात्र मला फार वाईट वाटतं. एसटीने लांब जायचं असलं की बायका गोळी सरळ टाळतात, कारण वाटेत जायला धड जागा नाही. आषाढी वारीत पायी चालणाऱ्या वयस्क वारकऱ्यांचंही तेच. हृदयासाठी फ्युरोसेमाइड चालू असलेल्या माणसाने सलग काही दिवस ती टाळली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. त्यापेक्षा आधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी गोळी पोचल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का, असा सरळ प्रश्न करा. बऱ्याच जणांना ते चालतं, आणि विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

काही विशिष्ट दिवशी ही गोळी घेणं धोक्याचं असतं. उलट्या-जुलाब चालू असतील, तापाने खाणंपिणं सुटलं असेल, किंवा मे महिन्यात विदर्भातल्यासारख्या उन्हात घाम गळत असेल, तेव्हा शरीर आधीच कोरडं असतं. निर्जळी उपवासाचंही तसंच. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारा. आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक, ही तीन औषधं एकत्र आली की किडनी अचानक बंद पडू शकते. माझ्या मते घराघरातला सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच आहे, कारण पहिल्या दोन गोळ्या डॉक्टरांच्या असतात आणि तिसरी कुणीतरी सहज आणून दिलेली असते. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल, आणि तीही पाण्यात विरघळणारी नको, कारण तिच्यात सोडियम असतं.

मिठाचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. लोणचं, फरसाण, सुकी मासळी आणि पापड यातच ते संपतं. पापडातला पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमच. हे चालू ठेवून गोळी घेतली तर एकीकडून काढलेलं पाणी दुसरीकडून परत येतं.

एवढं वाचून गोळीची धास्ती घेऊ नका. क्लोरथॅलिडोनची तुलना अम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिलशी करणारा ऑलहॅट नावाचा अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ३३ हजारांहून जास्त रुग्ण होते. हार्ट अटॅक टाळण्यात ही स्वस्त गोळी त्या दोघांच्या बरोबरीची ठरली आणि हृदय कमजोर होणं टाळण्यात त्यांच्याहून सरस. 'किडनी खराब होते' म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करणारेही मी पाहतो. योग्य माणसाला, योग्य डोसमध्ये, तपासण्या करत दिलेली ही गोळी किडनी घालवत नाही. वर्षानुवर्षं न आवरलेलं बीपी मात्र घालवतं.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घ्या. काढे, चूर्णं, वेदनाशामक, झोपेची गोळी, सगळं. काकूंच्या स्ट्रिपचा फोटो काढून न्या आणि दोन गोळ्या घेतल्याचं न लपवता सांगा. काकूंनाही म्हणावं, औषध वाटू नका. ती गोळी हृदयासाठी असेल तर दोन दिवसांचा खंड त्यांनाही जड जाऊ शकतो.

डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नये अशीही लक्षणं आहेत: एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, लघवी जवळजवळ बंद होणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थेट दवाखान्यात न्या, आणि ती पिशवी सोबत घ्या.