तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन म्हणजे प्रोस्टेट बघ

पोरी,
काल फोनवर म्हणालीस ना, पन्नाशीच्या पेशंटला चार महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय, आता कुठली गोळी देऊ. गोळीचं नंतर बघू, आधी त्याचे तिन्ही कल्चर रिपोर्ट, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढले ते सांगणारे, टेबलावर शेजारी शेजारी मांड. तिन्हीत ई. कोलाय हाच जंतू आणि सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं त्याचा, तक्ताही सारखाच असेल तर तेच जंतू आत कुठेतरी मुक्काम ठोकून बसलेत असं समज, आणि पुरुषात असं दिसलं की प्रोस्टेट, मूत्राशयाखालची ती ग्रंथी, बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

मी हे उशिरा शिकलो गं. एक एसटी ड्रायव्हर यायचे माझ्याकडे, दरवेळी जळजळ, दरवेळी मी नायट्रोफ्युरँटोइन लिहून द्यायचो, आठवड्यात बरं वाटायचं आणि दीड महिन्याने पुन्हा दारात उभे. ते औषध लघवीत छान काम करतं पण प्रोस्टेटमध्ये पुरेसं पोचतच नाही, पुस्तकात वाचलेलं होतं तरी सुचलं नाही. त्यांचे पाच महिने माझ्यामुळे वाया गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

लघवीची नळी प्रोस्टेटच्या मधूनच जाते, जंतू असलेली लघवी त्याच्या बारीक नळ्यांत उलटी शिरते, आणि औषध थांबलं की तिथले जंतू परत मूत्राशयात. म्हणून प्रोस्टेटच्या जुनाट इन्फेक्शनमध्ये कोर्स 4 ते 6 आठवड्यांचा, तोही सेन्सिटिव्हिटी बघूनच, कारण आपल्याकडे सिप्रो हे नेहमीचं अँटिबायोटिक कितीतरी ई. कोलायला लागू पडत नाही. प्रोस्टेट मसाजच्या, म्हणजे गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबण्याच्या, आधीची आणि नंतरची अशी दोन्ही लघवी कल्चरला पाठव, नंतरच्या लघवीत जंतू जास्त निघाले की ते प्रोस्टेटमध्येच आहेत हे कळलं. दोन्ही स्वच्छ आली आणि तरी ओटीपोटात दुखतंच असेल तर उगाच अँटिबायोटिक रेटत राहू नकोस, बहुतेकांचं ते दुखणं जंतूंमुळे नसतंच.

पण थंडी वाजून ताप, बैठकीच्या जागी दुखणं, लघवी अडकणं असं घेऊन कोणी आला तर मसाज अजिबात करायचा नाही, जंतू रक्तात जातात. सरळ ॲडमिट कर. तेव्हा पीएसएही, म्हणजे प्रोस्टेटसाठीची ती रक्ततपासणी, पाठवू नकोस, इन्फेक्शनने तो वाढतोच आणि घरचे कॅन्सरच्या भीतीने हादरतात.

बाई डॉक्टर म्हणून पेशंट तपासून घ्यायला लाजेल. काय करणार, का करणार ते आधी नीट सांग, कंपाउंडरला सोबत उभं कर, पण लाजेपोटी तपासणी टाळू नकोस. रिपोर्ट आला की फोन कर, रात्री दहापर्यंत जागाच असतो मी.