वहीचं मागचं पान

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी १९ वर्षांची, नीटचे दोन प्रयत्न झालेत, दुसऱ्या वेळी गुण वाढले पण जागा मिळण्याइतके नाहीत. पुढे तुम्ही लिहिता, ‘आम्ही तिसऱ्यांदा बसायचं ठरवलं आहे.’ मी तिथेच अडखळले. पेपर सोडवायला बसणार ती एकटी. पत्रभर ‘आम्ही’ आहे, ‘ती म्हणते’ मात्र एकदाच, आणि तेही तक्रार म्हणून: ‘ती म्हणते, बॅक्टेरियांचं आपसातलं बोलणं वनस्पती कसं बिघडवतात त्यावर काम करायचंय.’ त्यापुढे तुमची दोन उद्गारचिन्हं.

गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती पत्रासोबतच्या फोटोची. मुलगी वेळ कसा वाया घालवते याचा पुरावा म्हणून तुम्ही तिच्या रसायनशास्त्राच्या वहीचं मागचं पान पाठवलंत. पेट्री डिशचं, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या उथळ बशीचं चित्र, जांभळ्या पेनानं भरलेलं. मधोमध एक चकती, तिच्याभोवती कोरं सोडलेलं कडं. खाली प्रश्न: ‘रंग गेला म्हणजे निरोप अडला, की बॅक्टेरियाच मेले? कसं ओळखायचं?’

या पानावर काय आहे ते तुम्हाला सांगायलाच हवं. बरेच बॅक्टेरिया एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असतात, तोच त्यांचा निरोप. संख्या वाढते तसा तो रेणू साचतो, ठरावीक पातळी ओलांडली की सगळ्यांना कळतं, आपण आता पुरेसे आहोत. मग एकट्यादुकट्यानं करून उपयोग नसलेली कामं ते मिळून सुरू करतात: विषारी द्रव्यं बनवणं, चिकट थर बांधून त्यात दडणं. सभेच्या गणपूर्तीवरून १९९४ मध्ये याला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा एक जीवाणू हा निरोप पोचला की जांभळा रंग बनवतो, म्हणून प्रयोगशाळेत तो फार सोयीचा. त्याच्या थरावर वनस्पतीच्या अर्काची चकती ठेवायची. भोवतीचं कडं काचेसारखं स्वच्छ झालं तर बॅक्टेरिया वाढलेच नाहीत. रंग नाही पण कडं गढूळ आहे, तर ते जिवंत आहेत आणि रंग तेवढा थांबलाय. तरीही निरोपच अडला असं लगेच म्हणता येत नाही, रंग बनवण्याची यंत्रणाच बिघडलेली असू शकते. म्हणून निरोपाचा रेणू बाहेरून जास्त घालून रंग परत येतो का तेही पाहतात. तुमच्या मुलीनं प्रयोगशाळेत पाऊल न टाकता नेमका हाच प्रश्न विचारलाय. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना तो सुचावा म्हणून शिक्षकांना घसा कोरडा करावा लागतो.

आता तुमचा तोडगा. ‘एमबीबीएस नाही तर बीएएमएस करेल, शेवटी वनस्पतींचंच काम ना? डॉक्टरही होईल आणि हौसही भागेल.’ इथे मोठी गल्लत आहे. वनस्पती हा या कामाचा कच्चा माल आहे, काम मुख्यतः रसायनशास्त्र आणि जीवाणूशास्त्राचं. एका अर्कात शेकडो रेणू असतात. त्यातला कुठला काम करतो हे वेगळं काढायचं, त्याची रचना ठरवायची, तो बॅक्टेरियाच्या कुठल्या प्रथिनाला चिकटतो ते तपासायचं. लसणातलं अ‍ॅजोइन, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड यांची नावं पुढे आली ती अशाच खटपटीतून. उलटे धक्केही बसतात. तुळशीच्या कुळातल्या झाडांत सापडणारं रोझमॅरिनिक आम्ल निरोप अडवत नाही, खोटा निरोप देतं, आणि बॅक्टेरिया अवेळी कामाला लागतात. (मला तरी ही युक्ती अडवण्यापेक्षा जास्त चलाख वाटते.) यातलं काहीही रुग्ण तपासण्याच्या शिक्षणातून आपोआप येत नाही. ज्याला रुग्ण पाहायचेत त्यानं बीएएमएस जरूर करावं, मनापासून करावं. हुकलेल्या एमबीबीएसची भरपाई म्हणून ते मुलीच्या गळ्यात घालू नका, त्यात तिचंही भलं नाही आणि तिच्या रुग्णांचंही नाही.

तिचंही सगळं बरोबर नाही. पानाच्या कोपऱ्यात चांदणी काढून तिनं लिहिलंय, ‘मरत नाहीत म्हणून रेझिस्टन्स येणार नाही!’ रेझिस्टन्स म्हणजे औषधाला न जुमानणं. हे मी खोडेन. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या डेलिसिया पुल्क्रा या लाल शैवालातल्या फ्युरॅनोन रेणूंवरून निरोप अडवणारी संयुगं बनवली गेली. २०१२ मध्ये दिसलं की स्यूडोमोनास या जीवाणूचे काही प्रकार असा एक रेणू पंपानं पेशीबाहेर फेकून देतात. शिवाय डिशमध्ये चालणारं शरीरात चालतंच असं नाही. हळदीतलं कर्क्युमिन याबाबतीत बदनाम आहे: रक्तात नीट उतरत नाही, आणि चाचण्यांमध्येच ढवळाढवळ करून खोटी आशा दाखवतं. या मार्गानं काम करणारं औषध अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. तिला हे आजच कळलेलं बरं. हे कळूनही तिला त्यात रस राहिला, तरच पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

बी.एस्सी., एम.एस्सी., नेट, पीएच.डी. हा रस्ता तुम्हाला कोणीही सांगेल. तो लांब आहे, स्थिर नोकरी उशिरा लागते आणि मधली वर्षं बहुधा कंत्राटी कामात जातात. पदवीला रसायनशास्त्र सोडू नये, एवढाच माझा आग्रह.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल तुम्ही माझं मत विचारलंत. ते मी तुम्हाला देणार नाही. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ते कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे तुमच्या बाजूनं टाकलेलं एक मत होईल. पुढचं पत्र तिनं लिहू दे. न दाखवता पाठवलं तरी चालेल. रिपीटर बॅचची फी भरायला पंधरा दिवस थांबा, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

आणि वहीचा फोटो मला पाठवलाय, हे तिला आधी सांगा.