कादंबरी लिहायला घेण्यापूर्वी संपूर्ण आराखडा तयार असणे आवश्यक आहे का?

तुमच्या मनात कादंबरीचे पहिले दोन प्रसंग आणि शेवटाचे एक पुसट चित्र आहे, आणि मधल्या सगळ्या प्रकरणांचा आराखडा पुरा होईपर्यंत थांबावे की लिहायला बसावे, असे तुम्ही विचारले आहे. थांबू नका. इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे, की एका नेटक्या आराखड्यापायी मी माझी पहिली कादंबरी आणि आयुष्याची सव्वादोन वर्षे घालवून बसले आहे.

त्या काळी मी एका लेखन-कार्यशाळेत जात असे. तिथे मार्गदर्शन करणारे लेखक वयाने आणि अनुभवाने आम्हा सर्वांपेक्षा मोठे होते, आणि ‘आराखड्याशिवाय कादंबरी म्हणजे पायाशिवाय इमारत’ हे त्यांचे लाडके वाक्य होते. मी ते प्रमाण मानले. सात महिने कादंबरीची एक ओळही न लिहिता मी ५२ कार्डे तयार केली आणि ती ओळीने भिंतीवर लावली. मुख्य कथानकाची पांढरी, उपकथानकाची पिवळी. त्यांतल्या ३१व्या कार्डावर लिहिले होते : ‘भाऊ घराच्या कागदांबद्दल खोटे सांगतो. बहीण विश्वास ठेवते.’

लिहिताना त्या कार्डापर्यंत पोहोचायला मला वर्ष लागले, आणि तेवढ्या काळात ती बहीण कार्डावरची राहिली नव्हती. पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र लिहिणाऱ्याची घाई ओळखणारी बाई झाली होती ती. प्रसंग लिहायला बसले तेव्हा भावाने कागद पुढे केला, तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “ही सही तू बसून केलीस, की उभ्याने?” हा प्रश्न मी योजलेला नव्हता. भावाकडे त्याचे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. मात्र पुढची पाच कार्डे तिच्या विश्वासावर उभी होती. अर्धा तास मी भिंतीकडे पाहत राहिले, मग तो प्रश्न खोडला आणि तिला मुकाट्याने मान डोलवायला लावली.

दीड वर्ष खपून पूर्ण केलेले ते हस्तलिखित एका संपादकांनी परत पाठवले. सोबतच्या पत्रात बाकी काही नव्हते, एकच प्रश्न होता : उत्तरार्धात बहीण एकाएकी मंदबुद्धी का होते?

आराखड्यावरचा माझा खरा आक्षेप हाच आहे. आराखड्याने लेखन यांत्रिक होते, स्फूर्ती मरते वगैरे तक्रारी मला फारशा पटत नाहीत. आराखडा वाचवण्यासाठी लेखक शहाण्या पात्रांना मूर्ख बनवतो, आणि वाचकाला ते लगेच कळते. हे मी त्या मार्गदर्शकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आराखडा बरोबरच होता, मला पात्र शिस्तीत ठेवता आले नाही. त्या दिवशी मी गप्प बसले. आज सांगते : इमारतीतल्या विटेला स्वतःचे मत नसते, म्हणून तिथे पाया आधी घालता येतो.

ते नेहमी इंग्रज कादंबरीकार डिकन्सचा दाखला देत. दाखला खोटा नाही. १८४६ नंतरच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्यांच्या दरमहा छापून येणाऱ्या प्रत्येक भागासाठी त्याने टिपणाचा स्वतंत्र कागद केलेला आहे. परंतु त्या कागदाच्या उजव्या बाजूला प्रकरणे असली, तरी डाव्या बाजूला तो स्वतःलाच प्रश्न विचारतो : अमक्याला या भागात आणायचे का? आणि खाली उत्तर टिपतो : हो, नाही, इतक्यात नको. म्हणजे आराखडा करणाऱ्यांचा हा आदर्श पुरुषही महिन्या-महिन्याला निर्णय नव्याने घेत होता. टॉलस्टॉयने तर १८५६ साली हद्दपारीतून परतणाऱ्या एका डिसेंब्रिस्टाची, म्हणजे १८२५ च्या डिसेंबरात झारविरुद्ध उठाव करणाऱ्यांपैकी एकाची, गोष्ट लिहायला घेतली आणि त्या माणसाचे तारुण्य शोधत तो १८२५, मग १८१२, शेवटी १८०५पर्यंत मागे गेला. ‘युद्ध आणि शांती’ तिथून सुरू होते. पहिल्या आराखड्याशी तो इमान राखून बसला असता, तर ती कादंबरी आपल्याला मिळाली नसती.

दुसरी कादंबरी मी आराखड्याविना लिहिली. पहिला खर्डा १,१०,००० शब्दांचा झाला आणि त्यांतले सुमारे ३८,००० शब्द मला काढून टाकावे लागले. हा अपव्यय आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. खर्डा संपल्यावर मात्र मी आराखडा केला, आणि तुम्हीही तो तेव्हाच करावा. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ घ्या : कोणाला काय हवे आहे, आड काय येते आणि प्रसंग संपताना काय बदललेले असते. माझ्या ६१ प्रसंगांपैकी १४ ठिकाणी शेवटचा रकाना कोरा राहिला. ते प्रसंग भाषेच्या दृष्टीने माझे सर्वांत आवडते होते, हे सांगायला लाज वाटते.

रहस्यकथा लिहिणार असाल, तर मात्र वरचे सगळे अर्धेच लागू आहे. गुन्हेगार कोण आणि त्याने ते कसे केले, हे आधी ठरलेले नसेल तर दुवे पेरता येत नाहीत. तीन पिढ्यांची कथा असेल, तर निदान जन्ममृत्यूंच्या सालांचा तक्ता जवळ ठेवा, नाहीतर आजी नातवापेक्षा लहान निघते. आणि त्या मार्गदर्शकांच्या दोन्ही कादंबऱ्या कार्डांवरूनच लिहिलेल्या आहेत, त्यांतली दुसरी चांगली आहे, हेही मला नोंदवले पाहिजे.

तुमच्या हाती असलेल्या दोन प्रसंगांपैकी जो अधिक स्पष्ट दिसतो तो आज लिहा, मग तो कादंबरीत पहिला येवो वा विसावा. शेवटाचे चित्र एका कागदावर दोन ओळींत टिपून बाजूला ठेवा. लिहिताना एखादे पात्र तुम्हाला अडचणीत आणणारा प्रश्न विचारेल. तो खोडू नका. त्या दिवशीचे लेखन तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या पात्राकडून त्याचे उत्तर लिहून घ्या. त्या बहिणीची कादंबरी मी अलीकडे पुन्हा लिहायला घेतली आहे. भाऊ तिला म्हणतो, “उभ्याने.”