रत्नागिरीत बँकेने जप्त केलेला फ्लॅट गुंतवणुकीसाठी घ्यायचाय. कुठे शोधू, काय तपासू?

सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ पोर्टलवर जिल्हा निवडून शोधा, आणि बोली लावण्याआधी बँकेचा ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, हे नोटिशीत बघा. सांकेतिक असेल तर आत माणसं राहत असू शकतात. जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत ताबा मिळेपर्यंत पैसे अडकतात. स्वस्त दिसणारे फ्लॅट बहुधा असेच!

थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायदा, २००२ खालच्या नियमांनुसार बोली जिंकल्यावर अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायची. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी कमाल तीन महिने. चुकलात तर भरलेलं जप्त, म्हणून कर्जाची मंजुरी आधीच घेऊन ठेवा. विक्री ‘जशी आहे तशी’ असते: सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, वीजबिल आधी विचारा. पावसाळ्यात जाऊन स्लॅबची गळती बघितलीत तर उत्तमच.

हे फ्लॅटपुरतं. शेतजमीन सरफेसीत येत नाही. बागेसकट घर विकायला असेल तर सातबारावरचे सामाईक हिस्सेदार आणि कुळाची नोंद वकिलाकडून तपासून घ्या.