युद्धाचे फोटो आणि सिनेमे खरं युद्ध दाखवतात का?

अर्धवट दाखवतात. आणि फोटो म्हणजे पुरावा, असं समजू नका. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत लढाई झाली. फेलीचे बेआतो नावाचा छायाचित्रकार तिथे पोहोचला १८५८ मध्ये, म्हणजे काही महिन्यांनी. त्याच्या प्रसिद्ध फोटोत अंगणभर हाडं विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी मुद्दाम मांडली, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हाच्या कॅमेऱ्याला हलतं काही टिपताच येत नव्हतं, त्यामुळे लढाईचा नाही, लढाईनंतरचाच फोटो निघायचा.

सिनेमाची गंमत वेगळी. आमच्या चाळीसगाव तालुक्यातले एक काका फौजेतून निवृत्त झालेले. टीव्हीवर 'बॉर्डर' लागला की म्हणतात, "लढाईमा गाणं ऱ्हास का भो?" (आणि पूर्ण बघतातही!) त्यात लोंगेवालाची रात्र रंगवलीय, पण ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी पाकिस्तानी रणगाड्यांचा खरा फडशा पाडला तो जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी. काका सांगतात त्यातलं बरंचसं म्हणजे वाट पाहणं, थंडी आणि घरून न आलेलं पत्र. त्यावर तिकिटं कोण काढणार?