आत्याच्या पंचाहत्तरीला नुसतं पत्र दिलं तर कमी वाटेल का?

तुम्ही विचारलंय की आत्याला पंचाहत्तर पूर्ण होतायत, तिला हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय, पण विणकाम-भरतकाम येत नाही, अक्षरही बरं नाही. मग नुसतं पत्र चालेल का?

चालेल. मी तर म्हणेन, पत्रच द्या.

आमच्या आजीच्या माजघरात खुंटीला एक जाड तार टांगलेली असे. आलेलं पत्र सगळ्यांचं वाचून झालं की आजी ते त्या तारेत ओवून ठेवायची. ती गेल्यावर आम्ही ती तार खाली उतरवली. तळाशी वडिलांची होस्टेलमधून आलेली कार्डं होती, बहुतेक खाणावळीच्या पैशांबद्दलची. त्यांच्यावरच्या पत्त्यात पिनकोडच नव्हता, म्हणजे ती १९७२ च्या आधीची. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे पंडित.) बरंच वर माझं एक आंतरदेशीय सापडलं, चौथीत असताना लिहिलेलं. शि. सा. न. वि. वि. झाल्यावर थेट बातमी : मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक पांढरं आहे. आजीचं त्यावरचं उत्तर माझ्याकडे अजून आहे. तिने घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारली आणि शेवटी लिहिलं, 'पांढऱ्याचे डोळे उघडले का ते कळव.'

म्हणून सांगते, आत्याला 'तू आमचा आधार आहेस' वगैरे लिहू नका. ते समारंभात चार जण बोलतील, मानपत्रातही येईल. तुम्ही एकच दुपार निवडा, जी फक्त तुम्हा दोघांना ठाऊक आहे. ती तेव्हा काय म्हणाली, हातात काय होतं, घरात कसला वास होता, ते लिहा. मायना जसा तोंडात येतो तसाच ठेवा. तिला 'अगं आत्या' म्हणत असाल तर 'तीर्थस्वरूप' लिहून परकं होऊ नका. मात्र शेवटी ता. क. ठेवाच. सगळं लिहून झाल्यावर जे आठवतं, ते बहुधा सगळ्यात जवळचं असतं. आणि पत्रात तिला एखादा खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तिच्याकडेच आहे.

अक्षराची काळजी करू नका, आकाराची करा. वय पंचाहत्तर आहे, तेव्हा अक्षरं मोठी, ओळींत भरपूर जागा, शाई काळी किंवा गडद निळी. पेन्सिलने फिकट रेघा आखून घ्या, पण ती रेघ शिरोरेषेची समजा आणि अक्षरं तिला टांगल्यासारखी खाली येऊ द्या. एवढ्याने पान सरळ दिसतं. शाई पूर्ण वाळल्यावर रेघा खोडा.

कागदासाठी थोडे पैसे खर्च करा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे सुती कापडाच्या कातरणांचा लगदा करून कागद बनवतात. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हातकागदाची जुनी परंपरा आहे. असा कागद हातात घेतला की लगेच कळतो, बोटांना तंतू लागतात. पण काही हातकागदांवर खळ कमी असते आणि फाउंटन पेनची शाई फुटते. आधी एकच ताव आणा, कोपऱ्यात दोन ओळी लिहून बघा. शाई पसरली तर साधं बॉलपेन घ्या, त्यात काही कमीपणा नाही. ताव कात्रीने कापू नका. जिथे तुकडा करायचा तिथे ओल्या ब्रशने पाण्याची रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि हळूहळू दोन्हीकडे ओढा. कड अशी तंतूदार सुटते की वेगळी सजावट लागत नाही. घडी चमच्याच्या पाठीने दाबा.

आत्या त्याच गावात राहत असली तरी पत्र समारंभात हातात देऊ नका, पोस्टाने पाठवा. गर्दीत ते पाकिटांच्या ढिगात जाईल. घरी, दुपारी, एकटीने उघडू दे तिला. त्यात एखादा फोटो किंवा वाळवलेलं पान घालायचं असेल तर आंतरदेशीय नको, त्यात आत काही ठेवता येत नाही. पाकीट घ्या. साध्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट २० ग्रॅमपर्यंत चालतं. नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, पण १५० जीएसएमचा हातकागद सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे दोन पानं आणि पाकीट मिळून वजन मर्यादेच्या वर जातं. तेव्हा पोस्टात वजन करून घ्या, नाहीतर कमी तिकिटाचा भुर्दंड आत्याला पडेल.

आणि एक गोष्ट जरूर करा. पन्नास पैशांची दहा पोस्टकार्डं आणा, म्हणजे पाच रुपयांची. प्रत्येकावर तुमचा पत्ता पिनकोडसकट स्वतःच्या हाताने लिहा, उरलेल्या हातकागदाची छोटी थैली चिकटवून ती कार्डं त्यात घाला आणि समारंभाच्या दिवशी ती थैली तिच्या हातात द्या. तोवर पत्र पोचलेलं असेल आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचंच असेल.